अर्धं शटर

आळेफाटा,
१७ मार्च २०२५

चि. विपुल यास प्रेमचंदकाकाचे पोटभर आशीर्वाद. जय जिनेंद्र. वि. वि.

आधी तुझं एकेक विचारून घेतो, मग इकडचं सांगतो. पोट कसं आहे? तिथं जेवण दिवस मावळायच्या आत देतात असं जागृती म्हणाली, म्हणजे आपल्या रात्री न जेवण्याच्या नेमाची सोय सरकारनेच करून ठेवली म्हणायची. चष्मा शाबूत आहे का? पाठ? सारा जन्म खुर्चीत वाकून काढलास, आता फरशीवर बसून ताठ होशील. झोप लागते का, आणि लागत नसेल तर कशाने, तेही लिही. डास असतील तर डास म्हण, माणसं असतील तर माणसं म्हण. माझ्यापासून झाकू नकोस.

इकडे तुझी काकी गुडघ्याला तेल चोळते आणि चोळता चोळता कंपनीला शिव्या देते. दोन्हींनी तिला आराम पडतो. तुझ्या आईचं वर्षीतप चालूच आहे, एक दिवस उपास, एक दिवस जेवण. अक्षय्य तृतीयेला उसाचा रस घेऊन ती ते सोडेल. तो रस तुझ्या हातचा असावा हे ती कुणाला बोलून दाखवत नाही, पण आम्हाला कळतं. आमच्या अरिहंतचं डोकं गरम आणि रक्तदाब त्याहून गरम. मी बरा आहे. गल्ल्यावर बसायला घरात कुणीतरी ठणठणीत लागतंच.

तुला नेलं त्या दिवशी पोलिसांनी तुझ्या कॉम्प्युटरबरोबर घरातले सगळे फोन नेले, दुकानाच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंगचा डबा नेला, एवढंच काय, तुझ्या आईचा स्तवनं ऐकायचा रेडिओसुद्धा नेला. म्हणून हे पत्र. जागृती वकिलीच्या कागदांबरोबर तुला आणून देईल. बहीण वकील असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

दुकानात जो येतो तो विचारतो, शेठ, तुमच्या पोरानं नक्की केलं काय. मग मी पाइप मोजायचं सोडून त्याला समजावत बसतो. ठिबकचं पाणी आणि खत आपोआप सोडणारा कंपनीचा तो डबा. डब्याच्या पोटात प्रोग्राम आणि प्रोग्रामला कुलूप. बाहेरून आणलेली मोटर जोडली की डबा लाल दिवा लावून गप्प बसतो, आणि व्हॉल्व्ह सगळे त्याच्याच ताब्यात. कंपनीचा माणूस येऊन कुलपाचा गुप्त आकडा घालेल तेव्हा पाणी सुटणार, तोवर रोपं उन्हात. माझ्या पुतण्याने ते कुलूप उघडणारा प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. त्यावर गिऱ्हाईक विचारतं, डबा आम्ही विकत घेतला, मग कुलूप कुणाच्या मालकीचं? मी पुन्हा पाइप मोजायला घेतो. कॉपीराइटचा कायदा म्हणजे पुस्तकं छापणाऱ्यांचा आणि सिनेमावाल्यांचा, असं मी समजून होतो. डिजिटल कुलूप तोडणं हाही त्यात गुन्हा आहे, आणि त्याला कॉपी केल्याचं कलम जोडलं की जामीन सहजी मिळत नाही, हे मला सातवी शिकलेल्याला आता तोंडपाठ झालंय.

लोक मात्र लई खवळलेत, विपुल. कळंबच्या दादाभाऊंनी तुझ्या सुटकेसाठी समिती काढली. टोमॅटोवाले दादाभाऊ, तुझे वडील गेले तेव्हा सर्वांत आधी खांदा द्यायला आलेले. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा डबा अडला होता आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत पूर्ण प्लॉट करपून गेला. यंदा पुन्हा अडला तो तुझ्या प्रोग्रामने चालू झाला. त्यामुळे ते तुला देव मानतात आणि कंपनीला जे मानतात ते पत्रात लिहिता येत नाही. परवा त्यांच्या माणसांनी कंपनीचा फलक उखडून रस्त्यात जाळला. एका विक्रेत्याला भर बाजारात थोबाडीत मारली, तोंडाला वंगण फासलं. फलक जळाला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वंगण फासलेला माणूस आपल्या नळावर तोंड धुवायला आला तेव्हा मात्र बरं वाटलं नाही. साबण दिला, पण त्याच्याकडे बघवेना.

फिर्यादीवर महाळुंगे पडवळच्या ऋषीची सही आहे, आणि तो कागद आता सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. सोमवारी आपल्या चौकात रास्ता रोको आहे. तुझा फोटो मागायला आले होते. अरिहंतच्या लग्नातला फेटेवाला दिला. त्यात तू बरा दिसतोस.

तुझ्यावरची माया रोजच्यासारखीच आहे, तिला कोठडी नाही.

तुझा,
काका


पुणे,
२१ मार्च २०२५

ती. काकासा यांच्या चरणी विपुलचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून शेजारच्याला हसू आलेलं दिसलं, म्हणजे मी आधी हसलो असणार. पोट ठीक. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली आहे. पाठ खरंच सुधारली. झोपेचं विचारलंत, तर डासही आहेत आणि माणसंही आहेत, पण अजून दोन्ही चावून सोडून देतात.

बराकीत प्रत्येकाला आपलं कलम सांगावं लागतं. मी कुलूप उघडलं म्हणालो, तर कुणाच्या घराचं असं विचारलं. घराचं नाही, डब्याचं. डब्यात काय होतं? प्रोग्राम. चोरलास का? नाही, तो तिथेच आहे. मग एक जुना घरफोड्या म्हणाला की काही न नेता नुसतं कुलूप उघडून परत आलेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. तेव्हापासून मला इथे सगळे वेडा समजतात आणि त्यामुळे त्रास कमी देतात. आईला हे सांगा, ती हसेल.

आता कामाचं. काकासा, ऋषीबद्दल एक ऐका. कंपनीला फिर्याद द्यायला इथला माणूस हवा होता. तालुक्यात त्यांचे डबे दुरुस्त करणारा तो एकटा. पुण्याला बोलावून त्याच्यापुढे कागद ठेवला, सही कर नाहीतर घरी जा म्हणाले. अटकेच्या आदल्या दिवशी तो मला भेटून गेला होता. आपल्या दुकानामागच्या ओट्यावर बसून रडला. मीच त्याला म्हणालो की कर सही, तू नाही केलीस तर दुसरा करेल आणि तुझी नोकरी मात्र जाईल. लाल दिवा लागला की शेतकऱ्यांच्या शिव्या तोच खायचा. आकडा यायला वेळ लागला तर वरच्या साहेबांशी तोच भांडायचा. डबा कुठे अडतो हे मला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं होतं. हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

त्याच्या अंगाला कुणी हात लावता कामा नये. दादाभाऊंना हे माझ्या नावाने सांगा. फलक जाळतात तोवर ठीक, असं मी परवापर्यंत म्हणालो असतो. पण वंगण फासलेल्या माणसाचं वाचलं आणि वाटलं, हे माझ्या फेट्याच्या फोटोखाली चाललंय.

जागृतीला जेवायला सांगा. ती भेटीला येते तेव्हा नुसती कलमं बोलते.

तुमचा आशीर्वाद आहे तसाच राहू द्या.

आपला,
विपुल


आळेफाटा,
२६ मार्च २०२५

चि. विपुल यास अनेक आशीर्वाद.

बातम्या तुरुंगातही पोचल्या असतील, पण आपल्या दुकानात घडलं ते कोणत्याच बातमीत नाही. तेवढं लिहितो. डावा खांदा निकामी आहे, उजव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाईट नाही, पण मधे मधे थांबावं लागतं.

सोमवारी सकाळीच चौक भरला. जुन्नरचे, आंबेगावचे, पार नगरच्या अकोल्याकडचे लोक. दोन्ही बाजूंना ट्रक उभे. बंदच्या दिवशीची आपली रीत तुला माहीत आहे. शटर अर्धं ओढायचं. सगळं लावलं तर व्यापारी घाबरला म्हणतात, उघडं ठेवलं तर व्यापारी फुटला म्हणतात. अर्धं असलं की बंदही पाळला जातो आणि ओळखीच्या माणसाला वाकून आत येऊन पाणी पिता येतं. आजोबांपासून आपण तसंच करत आलो. मी तसंच केलं आणि आत बसलो. अरिहंत बाहेर गर्दीत होता. तुझा निरोप दादाभाऊंना मी आदल्या दिवशीच दिला होता. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतला.

कंपनीने ऋषीला त्याच दिवशी बेल्ह्याकडे कामाला पाठवलं होतं. माघारी येताना गाडी अडकली. गाडीवर कंपनीचं नाव, आत तो. कुणीतरी ओळखलं. काच फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला, मग दुसरी, मग टायर जळाल्याचा वास. ड्रायव्हर उसाच्या गुऱ्हाळाकडे पळाला. ऋषी आपल्या शटरखालून सरपटत आत आला. एक बाही नव्हती, गुडघे सोलून निघाले होते, केस जळून आखडले होते. त्याने माझे पाय धरले. मी त्याला मागे ठिबकच्या पाइपांच्या भेंडोळ्यांआड बसवला आणि शटर पूर्ण ओढायला आलो.

तेवढ्यात दादाभाऊ वाकून आत आले. मागे आणखी दोघं, ते अनोळखी. दादाभाऊंनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. आणि मी माझ्या तोंडाने त्यांना सांगितलं की ऋषी मागे आहे, पोरगं घाबरलंय, तुमचं लोक ऐकतात, त्याला मागच्या दाराने तुमच्या गाडीत घालून गावी पोचवा. विपुल, चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला, तुझ्या वडिलांना खांदा दिलेल्या माणसाला मी दुसरं काय सांगणार होतो? त्यांनी पाणी पिऊन तांब्या नीट गल्ल्यावर ठेवला. मग कापायच्या टेबलावरचा लोखंडी पाइपाचा तुकडा उचलला आणि मागे गेले.

पहिला फटका तोंडावर बसला. ऋषी ओरडला नाही, त्याचा श्वास फक्त नळातून हवा निघावी तसा निघाला. दुसरा डोळ्यावर. तो हात वर करत होता, तर हातावर. दादाभाऊ दर फटक्याला आपल्या प्लॉटचं नाव घेत होते, करपलेल्या. मी मधे पडलो. माझ्या खांद्यावर बसला तो त्यांचा नव्हता, मागच्या दोघांपैकी एकाचा होता. मी ऋषीच्या अंगावर पडून राहिलो. पुढचे दोन-तीन माझ्या पाठीवर आले आणि मग ते थांबले. जाताना दादाभाऊंनी मला उठवलं, लागलं का शेठ असं विचारलं आणि वाकून निघून गेले. काळ्या पाइपावर रक्त दिसत नाही, विपुल. हात चिकट झाला तेव्हा मला कळलं की सगळी भेंडोळी भिजली आहेत.

नंतर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, धुराची नळकांडी फुटली, अरिहंतचं मनगट मोडलं, कुणाचं डोकं फुटलं, आणि दादाभाऊंसह पुष्कळांना गाडी जाळल्याबद्दल आणि रस्ता अडवल्याबद्दल धरून नेलं. दुकानात काय झालं हे पोलिसांना माहीत नाही. कॅमेऱ्याचा डबा त्यांच्याच कपाटात आहे. ऋषीला पुण्याला हलवलं. मला विचारलं तेव्हा मी डोळ्यांपुढे अंधारी आली होती, नंतर सांगतो, असं म्हणालो.

काल दादाभाऊंचे मेव्हणे चिमाजी दुकानात येऊन बसले. चहा घेतला. कंपनी घाबरली आहे म्हणाले, आंदोलन मागे घेतलं तर तुझ्या जामिनाला विरोध करणार नाही. हे जागृतीलाही कंपनीच्या वकिलाने सांगितलंय, खरं आहे. आणि आंदोलन मागे घेणं दादाभाऊंच्या हातात आहे. मग उठताना ते म्हणाले की घरातलं घरात राहिलं तर पोरगं अक्षय्य तृतीयेला आईसमोर असेल. अरिहंत म्हणतो, गप्प बसा. तुझी काकी तेल चोळताना शिव्या द्यायची थांबली आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मला काय करावं कळत नाही. तुला लिहून कळतं का ते बघतोय.

आहे तो जिव्हाळा राहो.

काका


महाळुंगे पडवळ,
३१ मार्च २०२५

ती. प्रेमचंदशेठ यांस इंद्रायणीचा नमस्कार.

मी ऋषीची बायको. तुमी मला बघितलंय, एकदा हे मला दुकानात घेऊन आले व्हते तवा तुमी शेंगदाण्याची चिक्की दिली व्हती. तुमचा फोन लागत न्हाई आणि मला घर सोडून येता येत न्हाई म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

यांचा उजवा डोळा काढला. हाताची बोटं मिळून येतील म्हणतात, पण वळणार न्हाईत. परवा घरी आणलं. चमचा धरता येत न्हाई, मी भरवते तर तोंड फिरवतात. शटरखालनं आत आल्याचं आठवतं, तुमी पाइपांमागं बसवल्याचं आठवतं. त्याच्या पुढचं काहीच आठवत न्हाई. डॉक्टर म्हणाले आठवणार बी न्हाई.

गावात कुणी इचारायला आलं न्हाई. पाडव्याला आमच्या दारात गुडी उभी केली तर कुणीतरी तिचा तांब्या पळवला. कंपनीच्या कुत्र्याला बरं झालं असं माझ्या तोंडावर बोलले. मामंजी, म्हणजे सावळेराम पडवळ, पाण्याच्या टाकीवर गेले तर त्यांना ढकललं, म्हातारं माणूस कठड्यावर आपटलं, दात तुटला. कंपनीचा एक साहेब येऊन फळं ठेवून गेला आणि बोलला की आंदोलन थांबतंय, आता जुनं काढू नका. म्हंजे आमी दोन्हीकडनं मेलो.

शेठजी, तुमचा पुतण्या आत हाये. आमच्या यांच्या सहीनं आत हाये. तुमी आमच्यासाठी बोलावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? हे तापात बी इपुलभाऊंचं नाव घेत व्हते, त्याला सांगा म्हणत व्हते, काय सांगायचं ते न्हाई कळलं.

पण तुमी तिथं व्हता. यांच्यावर तुमी पडला नसता तर मी आज कुकू पुसून बसले असते, हे मला दवाखान्यात सांगितलं. म्हणून इचारते, कोण व्हतं तेवढं सांगा. कोर्टात न्हाई सांगितलं तरी मला सांगा. रस्त्यानं जाताना कुणाला रामराम घालायचा आणि कुणाला न्हाई, एवढं तरी मला कळू द्या.

सासूबाई मंगल यांचा पण नमस्कार. तुमच्या खांद्याला आराम पडो.

इंद्रायणी


पुणे,
३ एप्रिल २०२५

ती. काकासा यांस सा. न.

तुमचं पत्र आणि इंद्रायणीताईंच्या पत्राची नक्कल जागृतीने आणली. दोन्ही वाचून तिच्याकडेच परत दिली. इथे ठेवणं बरं नाही, कारण दादाभाऊ माझ्याच बराकीत आहेत. मधे फक्त एक चादर.

ते आले त्या दिवशी त्यांच्या माणसांनी मला खांद्यावर घेऊन बराकीत फिरवलं. मला पंख्याखालची जागा मिळाली. माझं जेवण लवकर यावं म्हणून दादाभाऊ रांगेत पुढे उभे राहतात, स्वतःच्या वाट्याचं केळं सोलून माझ्या हातात देतात. आई उपास करते हे त्यांना माहीत आहे, म्हणून रोज विचारतात की आज वहिनींचा जेवणाचा दिवस की उपासाचा. खोटं नाही वागत ते, काकासा. म्हणूनच ते मला सोसत नाही.

शनिवारी त्या घरफोड्याने, मी मागे लिहिलं होतं तो, गमतीने म्हटलं की कुलूपवाल्याचा आता मोठा पुढारी झाला. एवढंच. दादाभाऊंच्या माणसांनी त्याला संडासाच्या दाराशी ओढून नेलं आणि स्टीलच्या मगाने तोंडावर मारलं. दात फरशीवर पडल्याचा आवाज मला आला. मी ओरडलो, थांबा, तो माझा मित्र आहे. दादाभाऊंनी मला मागे धरून ठेवलं आणि कानात समजावलं की तू शिकलेला आहेस, तू यात पडू नकोस, हे आम्ही तुझ्यासाठी करतोय. माझ्या पाठीला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते. ते अगदी शांत होते.

तेव्हा मला तुमचा गल्ला दिसला आणि त्याच्यावर नीट ठेवलेला तांब्या.

तुम्ही काय करावं असं विचारलं नाहीत, पण विचारलंत. तर सांगा. नाव सांगा. मी आज सुटलो तर ऋषीच्या डोळ्यावरून पाय ठेवून सुटेन. मी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसेन तेव्हा मला ते दिसेल. माझा प्रोग्राम बरोबर होता असं मी आजही म्हणतो, न्यायालयातही तेच म्हणेन. कायदा चुकीच्या माणसावर चालवलाय असंही म्हणेन. पण हे सगळं मला मोकळ्या तोंडाने म्हणायचं आहे. त्यांचं केळं तोंडात असताना ते म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे, दादाभाऊंना हे मी स्वतः सांगणार आहे. तुमचा जबाब होईल त्या दिवशी जागृती मला कळवेल. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना वाटेल की मी शेजारी झोपून फसवलं. ते काय करतील मला माहीत नाही. जागृतीने बराक बदलण्याचा अर्ज केला आहे, पण इथे अर्जाला पाय नसतात.

आईला विचारून मग ठरवा. तिने नको म्हटलं तर मी तिच्यावर रागावणार नाही, हे तिला सांगा. पण ती नको म्हणणार नाही.

आपला,
विपुल


आळेफाटा,
८ एप्रिल २०२५

चि. विपुल यास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला मीच वाचून दाखवलं. तिचा उपासाचा दिवस होता. केळ्याचं वाचलं तेव्हा तिने मला थांबवलं, उठून पाणी प्याली आणि पुन्हा बसली. पूर्ण झाल्यावर म्हणाली की भाऊजी, दादाभाऊ घरी आले की मीच त्यांना जेवायला वाढायचे, त्यांना तिखट सोसत नाही हे मला माहीत आहे, मग माझ्या मुलाच्या अंगावर ते हात टाकतील का. मी म्हणालो, माहीत नाही. मग तिने विचारलं की ऋषीच्या आईला हा प्रश्न विचारायला मिळाला होता का. आणि आत जाऊन माझा धुतलेला सदरा आणून दिला. आज सकाळी मी तोच घालून गेलो.

न्यायाधीशांपुढे सगळं सांगितलं. शटर, पाणी, तांब्या, पाइप. दादाभाऊंचं नाव न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं. मीच ऋषीची जागा दाखवली हेही लिहून घ्या म्हणालो. त्याची गरज नाही असं ते म्हणाले, पण मी हट्ट धरला. बाहेर आल्यावर इंद्रायणी आणि मंगलबाई जिन्याखाली उभ्या होत्या. इंद्रायणीने वाकून नमस्कार केला आणि मग तिथेच कठड्याला धरून बसली.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी चौकात पोचली होती. दुकानाला अर्धं शटर नव्हतं, आख्खं लावून गेलो होतो. ते त्यांनी कुदळीने फाडलं. पाइपाची भेंडोळी रस्त्यावर आणून पेटवली. काळा धूर पार कळंबपर्यंत दिसला म्हणतात. तुझा फेट्याचा फोटो ज्यांनी चौकात दोरीने बांधला होता त्यांनीच काढून त्या आगीत टाकला. त्यातल्या निम्म्यांना मी नावाने ओळखतो आणि त्यांच्या बापांनाही. एकाने तुझ्या काकीच्या अंगावर दगड फेकला, तिच्या कपाळाला टाके पडले. आज सकाळपर्यंत आपण त्यांचे लाडके होतो. अरिहंत मोडक्या मनगटाने विझवायला धावला, त्याला लाथा घातल्या. तो आता आतल्या खोलीत पडून आहे आणि माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

कंपनीच्या वकिलाने दुपारीच जागृतीला कळवलं की जामिनाला त्यांचा विरोध आहे. समिती फुटली, धाक गेला, त्यामुळे त्यांना आता घाई नाही. मी तुला आत ठेवलं असं म्हणायला जागा आहे. अरिहंतने ते म्हटलंही. तुझ्या आईने आपण होऊन सांगितलं की रस ती पुढच्या वर्षीही घेऊ शकते, तप आणखी एक वर्ष वाढवेल. ती हे चेष्टेने बोलली नाही.

एक गोष्ट मात्र झाली, ती तुला कळावी. मुंबईचे आणि बंगळूरचे तुझ्यासारखे काही प्रोग्रामवाले जागृतीकडे आले. दगड मारणारे नव्हेत. या कायद्यावर वरच्या न्यायालयात जायचं म्हणतात, मोठे वकीलही त्यांनीच बघितलेत. त्यांनी अट एकच घातली होती की मारहाणीशी तुझा संबंध नाही हे आधी दिसलं पाहिजे. आता ते दिसलं. वेळ लागेल असं ते स्पष्ट म्हणाले.

आता तुझं. बराक बदलण्याचा हुकूम अजून निघालेला नाही. तुरुंगाचे साहेब बघतो म्हणाले. जागृती तिथेच फाटकाबाहेर बसून आहे, हे पत्र उद्या पहाटेच्या एसटीने तिच्याकडे पाठवतो, सकाळी भेटीच्या वेळी ती तुला देईल. म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा दादाभाऊंना कळलेलं असणार, तुझ्याकडून किंवा दुसऱ्याकडून. तू स्वतः सांगणार असं लिहिलंस. नको सांगू असं लिहायला मी तीनदा पेन उचललं आणि तिन्हीदा ठेवलं. तुला मी लहानपणापासून एवढंच शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला माल वाईट असेल तर तोंडावर सांगायचं. तेच तू करतोयस, तर मी अडवू कसा?

फक्त भिंतीला पाठ लावून बस. एकटा संडासाकडे जाऊ नकोस. त्यांनी काही केलं तर मोठ्याने ओरड, लाज धरू नकोस. आणि दादाभाऊ रडले, तर त्यांना जवळ घे, तेही मला चालेल.

वडीलकीचा हात तुझ्या डोक्यावर आहे, इथून पोचतो तेवढा. पत्र मिळताच जागृतीजवळ उत्तर दे, तिला थांबायला सांगितलंय. चार ओळी नको, दोन पुरेत, पण दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या हाताने लिही. वाट बघतो.

तुझा,
काका